बैलाच्या मापाची घुंगरं

आमच्याकडे कापूस गाडीत भरायचा म्हणजे कुणीतरी वर चढून तो तुडवावा लागतो. वेचलेला कापूस फुगलेला असतो. नुसता टाकत गेलं तर अर्ध्या ढिगातच गाडी भरून जाते. म्हणून गाडीला चारी बाजूंनी ताडपत्री बांधतात, खालून बाया गाठोडी वर देतात आणि आत पोरंसोरं पायांनी कापूस दाबत राहतात. पाय गुडघ्यापर्यंत रुततो. वर काढला की पुन्हा रुततो. पाच-सहा पोरं जीव खाऊन पाय आपटत असतात आणि तरी आवाज मुळीच येत नाही. कापूस सगळा आवाज पिऊन टाकतो.

रुपाचं नाचणं तिथं सुरू झालं.

रुपा म्हणजे आमच्या गावच्या महिपतची धाकटी मुलगी. गाव आदिलाबादकडच्या भीमपूर मंडलातलं, पैनगंगेच्या अलीकडे तेलुगू मुलखातलं. बाकीची पोरं कापसात उड्या मारायची, लोळायची, दमली की उतरायची. ही आठ वर्षांची पोर कडेकडेने सुरू करी. टाच रुतवायची, अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकायचा, मग दुसरी टाच. कडा बसल्या की एक पाऊल आत, मग अजून एक आत, असं करत मधोमध. खाली बाया गाणं म्हणत असल्या तर तिचा पाय बरोबर गाण्यावर पडे. दिवस कलता कलता भरलेल्या गाडीवर ती उभी दिसायची, केसांत कापूस अडकलेला, आणि तिची आई बयनाबाई खालून ओरडायची, "उतर व माय आता! का जिनिंगपर्यंत नाचत जाशीन?"

महिपतची शेती कापूस-ज्वारीची, चारचौघांसारखीच. पण त्याची ओळख शेतीवरून नव्हती, घुंगरमाळांवरून होती. पोळा महिन्यावर आला की गावातल्या बैलांच्या माळा त्याच्या ओट्यावर येऊन पडायच्या. कुणाची दोरी कुजलेली, कुणाची घुंगरं गळलेली. चिंच आणि राखेने तो एकेक घुंगरू घासायचा, कानाजवळ नेऊन हलवायचा, आणि जाड सुती दोरीचा पीळ घालून दाभणाने ओवायचा. बोदा, बद्द आवाज आला की घुंगरू बाजूला. रुपा लहानपणापासून त्याच्यासमोर दोरीचं दुसरं टोक धरून बसायची. बाप-लेक तासन् तास बोलत नसत. मधे नुसती घुंगरं वाजत.

महिपतचा दुसरा गुण म्हणजे शब्द. एका वर्षी त्याने शेजाऱ्याला पेरणीसाठी आपली बैलजोडी कबूल केली होती. दुसऱ्या दिवशी वाफसा आला, त्याचं स्वतःचं वावर तयार होतं, घरातली माणसं बियाणं घेऊन उभी होती. महिपतने जोडी आधी शेजाऱ्याच्या वावरात नेली. बयनाबाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. पण गावात तेव्हापासून 'महिपतनं म्हटलं' एवढं सांगितलं की पुढचं कुणी विचारत नसे.

याच शब्दाने पुढे रुपाची सात वर्षं अडवली.

रुपा सहावीला आदिलाबादला मुलींच्या हॉस्टेलात गेली. तिथल्या एका कार्यक्रमात ती अगदी मागच्या रांगेत नाचली आणि सुगुणा टीचरनी तिला पाहिलं. सुगुणा टीचर गोदावरीकाठच्या तेलुगू बाई. नवऱ्याच्या नोकरीपायी आदिलाबादला आल्या आणि तीस वर्षं एका देवळामागच्या हॉलात कुचिपुडी नाच शिकवत राहिल्या. मराठी त्या चांगलं बोलत, फक्त प्रत्येक वाक्यात एक 'अम्मा' असे. त्यांनी रुपाला बोलावून विचारलं, "अम्मा, तू नाच कुठं शिकली?"

"कापसात," रुपा म्हणाली.

टीचर हसल्या नाहीत. त्यांनी परवानगीचा एक कागद तिच्या हातात दिला आणि बापाची सही आणायला सांगितलं.

कागद तेलुगूत होता. महिपतला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही. आमच्या गावात तेलुगू कागद आला की तो केशवरावांकडे जातो. केशवराव महिपतचे चुलतभाऊ, वयाने मोठे. जमिनीचा पहाणी-उतारा असो, दाखला असो, मंडल ऑफिसचं पत्र असो, ते मारुतीच्या ओट्यावर बसून वाचतात, आणि मोठ्याने वाचतात. त्यामुळे गावात कुणाचा कागद एकट्याचा राहत नाही.

"तुमची मुलगी... कुचिपुडी नृत्य... रविवारी सकाळी..." केशवराव वाचत गेले आणि एका ओळीवर थांबले. "'योग्य वेळ आल्यावर गज्जे पूजा करून.' गज्जे म्हंजे काय, समजते का महिपत?"

"नाई, दादा."

"घुंगरू. चाळ. पोरीच्या पायात चाळ बांधाची हाय त्याईले."

ओट्यावर बसलेले सगळे महिपतकडे पाहू लागले. तेलुगू घरात गज्जे हा पूजेचा शब्द आहे. आमच्या मराठी घरांत चाळ म्हटलं की जत्रेतला तंबू आठवतो, आणि त्या तंबूत नाचणाऱ्या बाया. त्यांच्या कलेला नाव ठेवायची माझी लायकी नाही. पण रात्री टाळ्या वाजवणारे हात सकाळी त्यांच्याकडे बोटं दाखवत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कुणाच्या लेकीला चाळ बांधणार म्हणणं ही आमच्याकडे शिवीच होती.

"शिकव मंग," केशवराव कागद घडी करत म्हणाले. "वऱ्हाडातला एखादा फड आताच पाहून ठेव. आमालेबी पुढं बसाले जागा भेटन."

लोक हसले. महिपत हसला नाही. थोडा वेळ त्याने कागदाकडे पाहिलं, जणू त्याला वाचताच येत होता. मग म्हणाला, "पोरगी नाच शिकन. तिले आवड हाय, म्हून शिकन. पण माह्या पोरीच्या पायात चाळ बांधल्या जाणार नाई. हा माहा शब्द हाय, समद्याईच्या समोर. द्या दादा, पेन द्या."

त्याने सही केली. रुपा बाजूला उभी होती. बारा वर्षांची ती, तिला सहीचा आनंद झाला. शब्दाचं वजन तिला तेव्हा कळलं नाही.

टीचरच्या हॉलात पहिल्याच दिवशी तिची फजिती झाली. फरशीवर उभं करून टीचरनी लाकडी ठोकळ्यावर काठीने ताल धरला आणि पाय मारायला सांगितलं. बाकीच्या मुलींचे पाय टप् टप् पडत होते. रुपाची टाच पडली ती पडलीच. ती फरशीत रुतायची वाट पाहत होती. कापसात पाय दाबून धरावा लागतो, नाहीतर कापूस परत फुगतो. ती फरशीही दाबून धरी. दुसरा पाय उचलायला तिला नेहमी क्षणभर उशीर होई.

"अम्मा, ही फरशी आहे. ती खाली जाणार नाही," टीचर म्हणाल्या. "पाय ठेवायला येतो तुला. उचलायला शीक."

उचलायला शिकण्यात तिचं एक वर्ष गेलं. दुसरं वर्ष पाठीवर गेलं. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत सुटीच्या दिवशी ती घरी कापूस वेचायला यायची, आणि वेचणाऱ्या बाईची कंबर पुढे वाकते. नाचाला गुडघे बाहेर वाकवून पाठ मात्र सरळ लागते. टीचर तिच्या पाठीला काठी टेकवून उभ्या राहत. गाणी तेलुगू होती. बोलण्यापुरतं तेलुगू वेगळं आणि देवाची विनवणी करणाऱ्या गाण्यातलं वेगळं. एकेक ओळीचा अर्थ ती विचारून घेई, मराठीत वहीत लिही, आणि मग त्याप्रमाणे डोळे फिरवी.

कुचिपुडीत एक प्रकार आहे. पितळी ताटाच्या काठावर उभं राहून, ताट पायांनी सरकवत नाचायचं. रुपाने सुटीत घरी येऊन आईची परात पळवली. बयनाबाई भाकरी करायला बसली तर परात नाही. शोधत शोधत खळ्यावर गेली तर लेक परातीच्या काठावर उभी.

"आता पीठ कुठी मळू? तुह्या डोक्यावर?"

"माय, जराशीक सराव करून राह्यली."

"अन्नाच्या भांड्यात पाय ठेवतं, लाज नाई वाटत?"

रुपा रडवेली होऊन उतरली. दुसऱ्या दिवशी बयनाबाईने माळ्यावरून एक तडकलेली जुनी परात काढली, बुडाला मार लागलेली, आणि काही न बोलता खळ्यावर नेऊन ठेवली. आईचं म्हणणं रुपाला तेवढ्यावरून कळलं.

अशी वर्षं गेली. तिच्या मागून आलेल्या मुलींची गज्जे पूजा होत गेली. टीचरचा नियम साधा होता. पाय पक्का झाला की पूजा. पूजेच्या दिवशी आईबापाने घुंगरं गुरूच्या हातात द्यायची, गुरूने ती शिष्येच्या पायांत बांधायची. पूजा झाल्याशिवाय स्टेज नाही, गावोगाव जाणाऱ्या मंडळीत जागा नाही, बिदागी नाही, आपलं म्हणून कुणाला शिकवायची परवानगी नाही. थोडक्यात, घुंगरू बांधल्याशिवाय नाच हा नुसता छंद.

रुपाची मैत्रीण प्रीती तिच्यानंतर दोन वर्षांनी आली होती. तिची पूजा झाली, ती मंडळीबरोबर करीमनगरला, हैदराबादला जाऊन आली. रुपा त्यांच्या वेण्यांत फुलं माळायची, हातापायांना लाल रंग लावून द्यायची, पडद्यामागे बसून चुकलेली ओळ सांगायची. बारावी झाली. आदिलाबादेत राहता यावं म्हणून ती एका झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर उभी राहू लागली. सकाळी आणि सांजेला हॉल. नाच सगळ्यांत चांगला तिचा, हे प्रीतीसुद्धा म्हणायची. पण तिचा पाय मुका होता.

एकोणिसाव्या वर्षी श्रावणात टीचरनी तिला बाजूला बसवलं. "अम्मा, माझे गुडघे संपले. दसऱ्यानंतर मी मुलीकडे वरंगलला जाते. हा हॉल बंद. विजयादशमीला शेवटची गज्जे पूजा करणार. तुझी राहिली तर ती मी करणार नाही, आणि दुसरं कोण करेल ते मला माहीत नाही."

"टीचर, तुमीच बांधून द्या. बाबाले मी मंग सांगीन."

"चोरून?" टीचरनी मान हलवली. "बापाच्या हातातून माझ्या हातात आले पाहिजे. नाहीतर ते नुसतं पितळ."

त्यांनी पूजेची पत्रिका दिली. तेलुगूच. आईबापाच्या नावाची जागा कोरी ठेवलेली.

रुपा पोळ्याला गावी आली. महिपत ओट्यावर माळा घेऊन बसला होता. ती समोर बसली आणि दोरीचं टोक धरलं. एक माळ ओवून झाल्यावर तिने सगळं सांगितलं. दसरा, वरंगल, शेवटची पूजा.

महिपतने दाभण ओढलं. "शब्द देल्ला मी."

"हो, बाबा."

"तू होती तिथी."

"होती."

ती भांडली नाही. महिपतच्या घरात त्याच्या शब्दाशी कुणी भांडत नसे. ती तशीच दोरी धरून राहिली. मग तिने विचारलं, "बाबा, बैलाच्या गळ्यात घुंगरं काऊन बांधता?"

"शोभा दिसते."

"अन्?"

महिपतने हातातलं घुंगरू कानाजवळ हलवलं, ते चांगलं निघालं, ओवून घेतलं. मग म्हणाला, "बैल मुका हाय. पाय दुखला त सांगन कोण? पाय दुखला की मान हालते, मान हालली की माळ चुकते. मी गाडीत बसून नुसता आयकतो. डोयानं दिसाच्या आंधी कानाले समजते, की याच्या खुरात काही गेलं."

"आमची टीचरबी तसंच सांगते," रुपा म्हणाली. "गज्जे लोकाईसाठी नसते म्हणे. पाय कुठी चुकला ते आयकू याव म्हून असते. बाकी पोरीईचा पाय चुकला की टीचरले आयकू येते. माहा सात वर्सं झाले कोणाले आयकूच नाई आला."

दाभण महिपतच्या हातात थांबलं होतं. अंगणात हरण्या बैल मान हलवत माशा हाकत होता. शेवटी म्हणाला, "दोरी ताण धर. ढिली पडून राह्यली."

पत्रिका ओट्यावर ठेवून रुपा दोन दिवसांनी आदिलाबादला परत गेली. तिला वाटलं, संपलं.

पुढचं तिला खूप नंतर कळलं. आम्ही मात्र डोळ्यांनी पाहिलं. पोळ्यानंतर आठेक दिवसांनी, सकाळी मारुतीच्या ओट्यावर लोक बसलेले असताना, महिपत धुतलेला सदरा घालून आला. हातात ती पत्रिका. त्याने ती केशवरावांपुढे धरली. "दादा, वाचता का?"

केशवरावांनी चष्मा लावला. वाचता वाचता त्यांचा आवाज आधी मोठा होता, मग हळू झाला. "'सुगुणाबाईंच्या शिष्येची गज्जे पूजा...' महिपत, हे तेच व्हय ना? चाळीचं?"

"हो."

"मंग माह्याजोळ काऊन आणलं? चुलीत टाकाचं होतं."

महिपत बसला नाही. उभाच राहिला. "सात वर्साआंधी म्या इथीच शब्द देल्ला होता, समद्याईच्या समोर. म्हून इथीच आलो. तो शब्द मी माघारी घेतो."

कुणीतरी 'अरे बापा' म्हणालं. केशवराव चष्म्यावरून पाहत राहिले. "शब्द माघारी घेते? महिपत घेते? मंग गावात आता भरोसा कोणाचा ठेवावं?"

"दादा, माळ चुकून ओवल्या गेली त तुमी काय म्हणता? महिपत, उसव, पुन्हा ओव. मी उसवतो का नाई?"

"उसवते बापा."

"मंग हेबी चुकून ओवल्या गेलं. पोरगी काय शिकून राह्यली ते मले ठाव नव्हतं. ठाव नसताना बोललो." त्याने खिशातून पेन काढलं. या वेळी स्वतःचं आणलं होतं. "तिथी आईबापाच्या नावाची जागा हाय म्हणे. तेलुगूत लिहून द्या. महिपत अन् बयनाबाई."

सदा ठासून बोलणारे केशवराव त्या दिवशी एवढंच म्हणाले, "बयना कशी लिहाची तेलुगूत? थांब, पाहतो." आणि मांडीवर कागद ठेवून, जपून, दोन्ही नावं लिहिली.

मी गावातली पुष्कळ भांडणं पाहिली आहेत, पुष्कळ शर्यती पाहिल्या आहेत. पण उभ्या गावासमोर आपला शब्द उसवणारा माणूस मी तो एकच पाहिला.

त्यानंतर पंधरा दिवस महिपतच्या ओट्यावर रोज दाभण चालू होतं. पोळा होऊन गेला तरी माळा कशाच्या, असं कुणी विचारलं तर तो म्हणे, "हाय एक काम." इचोड्याच्या बाजारातून त्याने निवडून नवी घुंगरं आणली. दोरी घरच्या कापसाची, बयनाबाईने कातून पीळ दिलेली. कुणाला विचारावं, माप घ्यावं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. घुंगरं ओवणं म्हणजे काय, हे तालुक्यात त्याच्याइतकं कुणाला कळत होतं?

विजयादशमीच्या सकाळी देवळामागचा हॉल झेंडूने भरला होता. चार मुली होत्या, रुपा धरून. रुपा एका कोपऱ्यात साध्या साडीत उभी होती. टीचरनी तिला 'ये, उभी राहा' एवढंच सांगितलं होतं. नावं लिहिलेली पत्रिका महिपतने परस्पर टीचरकडे पोचवली होती, हे तिला माहीत नव्हतं. दारातून बयनाबाई आली, हिरव्या लुगड्यात, ओटीचं सामान घेऊन. मागून महिपत, काखेत टॉवेलात बांधलेलं गाठोडं. रुपा जागच्या जागी खाली बसली. प्रीतीने तिला हाताला धरून उठवलं.

पुढे ताटं मांडलेली होती. तीन ताटांत लाल मखमलीच्या पट्टीवर हरभऱ्याएवढी घुंगरं, ओळीने शिवलेली. चौथं ताट रिकामं. महिपतने आपलं गाठोडं सोडलं आणि त्या रिकाम्या ताटात ठेवलं. ताट एका अंगाला कललं. आवळ्याएवढी पितळी घुंगरं, चकाकणारी, जाड दोरीत ओवलेली, दोन माळा. बैलाच्या गळ्यात शोभाव्यात अशा.

एक मुलगी फिस्सकन हसली. तिच्या आईने तिला चिमटा काढला आणि मग पदर तोंडावर घेऊन स्वतःही हसली. महिपतने शेजारच्या ताटांत पाहिलं. मग आपल्या ताटात पाहिलं. त्याचे कान लाल झाले. तो वाकून माळा परत टॉवेलात गुंडाळू लागला.

"मोठे झाले," तो बयनाबाईला हळूच म्हणाला. "बैलाच्या मापानं झाले व."

"राहू द्या," सुगुणा टीचर म्हणाल्या. गुडघा धरत त्या आल्या, महिपतच्या हातातली एक माळ घेतली, कानाजवळ नेली आणि हलवली. मग एकेक घुंगरू बोटाने टिचकी मारून ऐकलं. एकही बोदं नव्हतं. "कोणी ओवलं हे?"

"म्याच. बाई, मले माप ठाव नव्हतं. तुमच्याजोळ लहान असन त..."

"माझ्याकडे जादा जोडी आहे." टीचर रुपाकडे वळल्या. "अम्मा, सांग. कुठली बांधू?"

"हे," रुपा म्हणाली.

"जड आहे. पाय उचलणार नाही."

"टीचर, उचलाले शिकाले माहं एक वर्स गेलं. हे बांधा."

महिपतने दोन्ही माळा ओंजळीत उचलल्या आणि टीचरच्या हातात दिल्या. टीचरनी त्या देवापुढे ठेवल्या, फूल वाहिलं, आणि खाली बसून, दुखऱ्या गुडघ्यासकट, रुपाच्या पायांत बांधल्या. दोरी दोन वेढे फिरली तरी उरत होती.

मग ती नाचली. तो आवाज त्या हॉलाने कधी ऐकला नव्हता. बाकीच्यांची घुंगरं पावसाच्या सरीसारखी वाजत, ही खोल वाजत होती, ओढ्यापलीकडून घरी येणाऱ्या गाडीसारखी. पहिल्या दोन ओळी तिचे पाय अडखळले. वजनाने घोट्याची कातडी सोलली जात होती. मग कापसात आठ-आठ तास रुतून वर येणारे पाय जागे झाले. वजनाचं त्यांना नवल नव्हतं. हसणारी मुलगी हसायची थांबली, आणि नंतर मानेने ताल धरू लागली.

महिपत नाच पाहत नव्हता. भिंतीला टेकून, डोळे मिटून, मान जराशी खाली घालून तो ऐकत होता. नाच संपला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, बयनाबाईने डोळ्याला पदर लावला. रुपा धापा टाकत बापाकडे आली आणि पाया पडली.

"कसं झालं, बाबा?"

महिपतने डोळे उघडले. "बरं झालं. पण डाव्या पायाले काही लागलं का तुह्या? डावा जरासा मागून पडून राह्यला."

सुगुणा टीचर मोठ्याने हसल्या. सात वर्षांत त्यांना इतकं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. "मला संशय होता, अम्मा! सात वर्षं नुसता संशय होता. बघा, यांनी एकदाच ऐकलं."

तिथून पुढेही वाट सोपी झाली नाही. टीचर वरंगलला गेल्या. रुपाने दोन वर्षं दुकान सांभाळून नाचाच्या डिप्लोमाची परीक्षा दिली. पहिल्या कार्यक्रमाला माईक बंद पडला. एका ठिकाणी आयोजकाने ऐन वेळी सांगितलं की हे देवाचं राहू द्या, सिनेमाचं काहीतरी करा. ती स्टेजमागून पिशवी उचलून बसस्टँडवर आली आणि सकाळच्या गाडीने परतली. पण मंडळीत तिला जागा मिळाली. आज ती तिशीच्याही आत आहे, आणि नाच हाच तिचा धंदा आहे. उत्सवांना, जिल्ह्याच्या कार्यक्रमांना, नदीपलीकडे यवतमाळ-नागपूरपर्यंत तिला बोलावणी येतात. इचोड्याला एका दुकानावरच्या खोलीत ती क्लास घेते. तिथं तेलुगू पोरी येतात आणि मराठीही येतात. परवानगीचा कागद तिने दोन्ही भाषांत छापून घेतला आहे.

केशवराव अजून म्हणतात, "महिपतची पोरगी बैलाचे घुंगरं बांधून नाचते." पूर्वी असं काही म्हणताना ते आमच्याकडे पाहून डोळा मारत. आता परगावचा पाहुणा आला की त्याला आधी तेच सांगतात.

स्टेजवर ती हरभऱ्याएवढीच घुंगरं बांधते. जड जोडी सरावाची. ती बांधून तासभर नाचलं की नंतर हलक्या घुंगरांत पाय आपोआप उचलतो, असं ती सांगते. दर पोळ्याला ती जोडी गावी येते, आणि महिपत ती बैलांच्या माळांबरोबर चिंचेने घासून, दोरी बदलून देतो.

परवा मी त्याच्या ओट्यावर बसलो होतो. त्याचा मोबाईल वाजला. त्याने तो कानाला लावला आणि काही बोललाच नाही. मला वाटलं, लाईन तुटली. मग जवळ सरकलो तेव्हा आतून खोल आवाज आला, छन् छन्, छन् छन्. इचोड्याच्या खोलीत फरशीवर मोबाईल ठेवून ती सराव करत होती. महिपत डोळे मिटून ऐकत होता. बऱ्याच वेळाने आवाज थांबला आणि तिने विचारलं, "हं, बाबा? डावा?"

"अजून येते मागून," महिपत म्हणाला. "पुन्हा कर."

आणि तिकडे घुंगरं पहिल्यापासून सुरू झाली.